त्याच केसपेपरवर

मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३१ वर्षं वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. मागच्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की, डोकेदुखी-कंबरदुखी घेऊन वारंवार येणाऱ्या माणसाला गावच्या दवाखान्यातच झोपेबद्दल, मनाबद्दल विचारलं पाहिजे. बीपी-शुगरची गोळी जिथे मिळते तिथेच मनाच्या आजारावरचीही मिळाली पाहिजे. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेते. नावं-गावं काढली आहेत. एक पत्र मात्र आधी.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. दोन वर्षं सोयाबीन हाती लागलं नाही. बँकेचं कर्ज आहे, बाहेरचंही आहे. महिनाभर जेवण कमी झालंय, पहाटे तीनला उठून ओट्यावर बसून राहतात. परवा आईला म्हणाले, 'माझ्यामागं तुम्ही नीट राहा.' जिवाचं काही करून घ्यायचं मनात आहे का, असं विचारावं तर तो विचार आपणच त्यांच्या डोक्यात घातल्यासारखं होईल, ही भीती वाटते. — एक मुलगा, लातूर जिल्हा

पत्रावर फोन नंबर होता, म्हणून अंक निघायची वाट न बघता मी या दादांशी त्याच दिवशी बोलले. वडिलांना ग्रामीण रुग्णालयात नेलं, उपचार सुरू झालेत. तरी इथे लिहिते, कारण असा ओटा पुष्कळ घरांपुढे आहे.

विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. तो असला तर आधीपासूनच तिथे असतो, आणि माणूस त्याच्याशी एकटा झुंजत असतो. शेजारी बसायचं, घाई करायची नाही आणि सरळ विचारायचं, 'दादा, जगणं नकोसं झालंय का? जिवाचं काही करावंसं वाटतं का?' मी हा प्रश्न शेकडो माणसांना विचारला असेल. चिडलेली फार थोडी. बहुतेकांनी आधी मोठा श्वास सोडला, मग बोलले.

उत्तर 'हो' आलं किंवा नुसतीच मान खाली गेली, तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध घरात, गोठ्यात, माळ्यावर जिथे असेल तिथून काढून कुलपात टाकायचं आणि किल्ली दुसऱ्या घरी ठेवायची. मरणाची ती तीव्र ओढ पुष्कळदा काही वेळाचीच असते. त्या वेळात हाताला डबा लागला नाही, तर माणूस वाचतो. रात्री-बेरात्री १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. फोनवरून मनाच्या त्रासावर सल्ला देणारी ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. काही पोटात गेल्याची शंका आली तर १०८ ला फोन करा. 'पोलीस केस होईल' म्हणून तास-तास घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला मानलं आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही.

कर्ज गोळीने फिटत नाही, हे मला कळतं. पण बँकेत जाऊन चार शब्द बोलायला, पुढच्या पेरणीचा विचार करायला माणूस रात्री झोपलेला आणि दोन घास जेवलेला लागतो. तेवढं उपचाराने होतं.

प्रश्न : सासूबाई ६२ वर्षांच्या. दोन वर्षं सगळं अंग दुखतं, छातीत धडधडतं, डोकं बधिर होतं. ईसीजी, एक्स-रे, रक्त, सगळं नॉर्मल. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी झोपेबद्दल, मन लागतं का याबद्दल विचारलं आणि म्हणाले, हे डिप्रेशन आहे, गोळी देतो, दर आठवड्याला सिस्टरशी बोलायला या. सासूबाई रडायला लागल्या. 'मला वेडी ठरवली' म्हणतात. हे म्हणतात, साध्या एमबीबीएस डॉक्टरला मनातलं काय कळतंय, पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ. — एक सून, सोलापूर जिल्हा

ताई, तुम्हाला एक गोष्ट सांगते. तिच्यातली चूक माझी आहे. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई यायच्या. पन्नाशीच्या. मेणकापडाच्या पिशवीत सगळे केसपेपर घडी घालून, पिशवीच्या तोंडाला गाठ मारून आणायच्या. तक्रार एकच, 'बाई, आंग लई ठणकतंय.' मी तपासायचे, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघायचे आणि लिहायचे : कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स, दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी. कधी ताकदीचं इंजेक्शन. एका दुपारी ओपीडी सरली होती, बाहेर पाऊस होता, बाईंना जायला वाहन नव्हतं. मी सहज ती पिशवी सोडली आणि केसपेपर टेबलावर ओळीने मांडले. चौदा निघाले. चौदाही माझ्याच अक्षरातले, आणि जवळजवळ शब्दाला शब्द तेच.

मी विचारलं, 'मावशी, झोप कशी आहे?'

त्या म्हणाल्या, 'झोप तवाच गेली की बाई. पोरगी गेली तवा.'

मुलगी बाळंतपणात गेली होती. पहिल्या केसपेपरवर मीच लिहिलं होतं : 'अंगदुखी, आठ महिने.' आठ महिने का, सात का नाहीत, दहा का नाहीत, हे मी विचारलं नव्हतं. मुलगी जाऊनही तेव्हा आठच महिने झाले होते.

तो दिवस मी विसरलेले नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. मी जे चौदाव्या केसपेपरला विचारलं, ते त्यांनी वेळेत विचारलं.

आता सासूबाईंना काय सांगायचं? दुखणं खोटं आहे, मनाचा खेळ आहे, असं चुकूनही म्हणू नका. ते खरं आहे. माणसाचं मन आणि अंग वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत. आपल्याकडे कोणी येऊन 'मी उदास आहे' म्हणत नाही. 'काळीज धडधडतं', 'जीव घाबरा होतो', 'काही गोड लागत नाही', 'हातापायातलं बळ गेलं' असंच म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात. त्यांना म्हणा, 'आई, झोप आणि भूक परत आणायची गोळी आहे ही. बीपीची जशी दवाखान्यातून आणतो, तशीच.' वेड हा शब्द घरात कोणी काढू नये. एक मात्र बघा : हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची तपासणी झालेली असावी. थायरॉइड कमी असलं तरीही माणूस असाच मलूल होतो.

गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तरी पुन्हा सांगते, कारण इथेच माणसं सोडून देतात. पहिल्या आठवड्यात मळमळतं, पोट बिघडतं, थोडं अस्वस्थ वाटतं, आणि गुण काहीच दिसत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. बरं वाटायला लागलं की लोक गोळी बंद करतात. तसं करू नका, पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच हळूहळू कमी करायची. या गोळीची सवय लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या गोळीची, जी मेडिकलमधून पुतण्याला पाठवून आणली जाते. घरात तशी पट्टी असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. एकदम बंद करू नका.

आणि तुमच्या मिस्टरांची शंका. साध्या एमबीबीएसला हे जमतं का? जमतं, आणि याची नीट परीक्षाही झालेली आहे, तीही शेजारच्या गोव्यात. मानसिक आरोग्यावर काम करणारी 'संगत' ही संस्था आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी तिथे १२ प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने घेतले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर मुलींना दोन महिन्यांचं शिक्षण दिलं. त्या रुग्णाला आजार समजावायच्या, पाठपुरावा करायच्या, गरज पडली तर बोलण्यातून उपचार करायच्या. गोळी दवाखान्यातला डॉक्टर द्यायचा, आणि अवघड रुग्णासाठी मनोविकारतज्ज्ञ पाठीशी असायचे. २०१० मध्ये निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा मदतीने ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीने ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही. मला तरी वाटतं, तिथला डॉक्टर घराला आधीपासून ओळखतो, त्याच त्या माणसाकडे लोक जातात. आपल्या सरकारी केंद्रात दर वेळी नवा डॉक्टर, नवा केसपेपर. तिथे ओळखीचं एक माणूस मिळालं की अर्धं दुखणं हलकं होतं. ते माणूस म्हणजे तुमची सिस्टर. तिच्याकडे जाणं चुकवू नका.

पुण्याला केव्हा न्यायचं? सहा-आठ आठवडे गोळी नीट घेऊनही फरक नसेल, त्या खाणं-पिणंच सोडून बसल्या, कानात आवाज येतात म्हणाल्या, कुणी आपल्यावर टपलंय असं वाटू लागलं, किंवा मरणाचं बोलू लागल्या तर. तेव्हाही आधी आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. पुण्याच्या खेपेला दोनेक हजार आणि अख्खा दिवस जातो, आणि तिसऱ्या खेपेला घरचे कंटाळतात, हे मी फार बघितलंय.

प्रश्न : मॅडम, मी आशा आहे. तिशीपुढच्या लोकांना आजारांचा धोका आहे का हे बघायच्या सीबॅक फॉर्मवर आता मनाचेही दोन प्रश्न आहेत. मी विचारते. परवा एक बाई रडायलाच लागली. मला काय करावं कळेना, मी उत्तरांच्या गुणांची बेरीज लिहिली आणि निघाले. घरी आल्यावर मलाच झोप लागली नाही. आमच्याकडे आधीच इतकी रजिस्टरं आहेत. — एक आशा, नांदेड जिल्हा

ताई, तुम्ही निघून आलात म्हणून स्वतःला बोल लावू नका. प्रश्न तुमच्या हातात दिला आणि पुढचं काही दिलं नाही, ही व्यवस्थेची चूक आहे. तुमची नाही.

पुन्हा असं झालं तर पेन खाली ठेवा. पाणी द्या. गप्प बसा. पाच मिनिटं पुरतात. मग एवढंच म्हणा, 'मावशी, हे तुमच्या एकटीचं नाही. यावर आपल्या उपकेंद्रात औषध-पाणी आहे. बुधवारी मी सोबत येते.' आणि बुधवारी खरंच सोबत जा. तुमच्याकडून सल्ला, उपदेश कोणी मागत नाही. 'मन रमवा', 'देवाचं नाव घ्या', 'पोरांकडे बघा' हे तिला सगळ्यांनी आधीच सांगितलेलं असतं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला नाव सांगा. मानसिक आजाराची प्राथमिक तपासणी आणि उपचार ही आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे आता हे नाव मिळालेल्या उपकेंद्रांच्या, बारा सेवांतली एक सेवा आहे, ते तिथलं कामच आहे.

गावातल्या माणसाने दारात जाऊन विचारल्याने काय होतं, याचा दाखला विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. आधी तिथे नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी उपचार घेतले होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. डोंगर हलवावा तसं काम आहे ते, आणि ते केलं गावच्याच लोकांनी.

पण तुमच्या पत्रातली 'मलाच झोप लागली नाही' ही ओळ मला सगळ्यात जास्त लागली. लोकांचं दुःख रोज ऐकणाऱ्या बाईला तिचं ऐकणारं कुणी हवं. आशांच्या मासिक बैठकीत हा विषय काढा. गटप्रवर्तकताईंना सांगा, अर्धा तास रजिस्टरांचा नको, आमचा हवा. आणि या कामाचा मोबदला वेगळा दाखवून मिळावा, ही मागणी लेखी करा. मी तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : मी सहा महिन्यांपूर्वी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो. जिल्ह्याला मानसिक आरोग्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. बाजाराच्या दिवशी माझी ओपीडी १२० च्या वर जाते. एका रुग्णाला दोन मिनिटं. यात मनाचं कधी विचारायचं? — एक डॉक्टर, परभणी जिल्हा

तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून 'तू'च म्हणते.

सगळ्यांना विचारू नकोस. खोकल्याचं पोर घेऊन आलेल्या बापाला विचारायची गरज नाही. कुणाला विचारायचं ते ओळखायला शिक, आणि ते केसपेपरवरच दिसतं. एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आलेला आणि तपासणीत काही न सापडलेला. गोळ्या घेऊनही साखर न उतरणारा, कारण उदास माणूस गोळी विसरतो आणि पथ्य सोडतो. लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याचं बाळ घेऊन आलेली आई, जी बाळाकडे बघतच नाही. पित्ताची गोळी मागायला सकाळीच आलेला माणूस, ज्याच्या हाताला कापरं आहे : त्याला दारूचं विचार, पण आवाज न चढवता. क्षयाच्या औषधावर असलेला. आणि 'अंगावरून पांढरं जातंय' म्हणणारी बाई, जिच्या तपासणीत काहीच मिळत नाही. या तक्रारीमागे पुष्कळदा थकलेलं मन असतं, हे गोव्यातल्या अभ्यासांतही दिसलं आहे आणि मी माझ्या टेबलावर रोज बघितलं आहे. १२० त असे दहा-बारा निघतील.

त्यांनाही पुस्तकातली वाक्यं विचारू नकोस. 'पूर्वी जे करताना बरं वाटायचं ते अजून करावंसं वाटतं का?' असं विचार. बाई असेल तर रांगोळी, शेजारणीशी बोलणं. म्हातारे असतील तर हरिपाठ, पारावर बसणं. आणि 'पहाटे लवकर जाग येऊन मग झोप लागत नाही, असं होतं का?' पहिल्याला 'नाही' आणि दुसऱ्याला 'हो' आलं तर त्यांना दुपारी दोननंतर थांबायला सांग. घर लांब असेल तर दुसऱ्या दिवशी, बाजार नसताना. नैराश्याची गोळी लिहिण्याआधी एकदा तरी विचारायचंच : कधी चार-आठ दिवस झोप न घेताही अंगात भरभरून उत्साह, अखंड बडबड, पैशाची उधळण असं झालं होतं का? झालं असेल तर ही गोळी एकट्याच्या जबाबदारीवर सुरू करू नकोस, जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन कर.

बोलण्याचा उपचार तुझ्या सिस्टरला शिकव. माझ्या शेवटच्या केंद्रात एक सिस्टर होत्या, त्या इंजेक्शनच्या खोलीत पडदा ओढून बसायच्या. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या बाईचा कालचा दिवस लिहून काढायच्या : किती वाजता उठली, काय केलं, कुणाशी बोलली. एका मावशींच्या कागदावर सकाळी अकरा ते चार एकच शब्द होता, 'पडून'. सिस्टरनी त्या पाच तासांत एकच गोष्ट ठरवली. तीन वाजता पाण्याला जाताना शेजारणीला हाक मारायची आणि तिच्यासोबत जायचं. बस्स. पुढच्या आठवड्यात पहिला प्रश्न, 'हाक मारली का?' चार दिवस मारली होती. मग पुढची गोष्ट. सहा आठवड्यांनी त्या कागदावर 'पडून' हा शब्द शोधावा लागत होता. गोव्यात १० आरोग्य केंद्रांत नेमक्या याच पद्धतीची, सहा ते आठ बैठकांची परीक्षा झाली आणि २०१७ मध्ये ती छापून आली. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते, नुसत्या नेहमीच्या उपचाराने ३९ टक्के.

तीन दिवसांच्या प्रशिक्षणाबद्दल स्पष्टच बोलते. प्राथमिक केंद्रात मनाचे उपचार आणायचं स्वप्न आपल्या देशाचं जुनं आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम ठरला, १९८५ ते ९० मध्ये कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात तो करून बघितला, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम म्हणून देशभर पसरवला. कागदावर सगळं होतं. आमच्यापर्यंत मात्र एक प्रशिक्षण, एक पुस्तिका आणि एक तक्ता आला, आणि मग वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नाही. पहिला रुग्ण अडला की डॉक्टर घाबरतो आणि पुन्हा बी-कॉम्प्लेक्स लिहायला लागतो. गोव्यात जे चाललं, ते तज्ज्ञ पाठीशी उभा होता म्हणून. म्हणून तू जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांचा नंबर मिळव आणि दर आठवड्याला एका ठरलेल्या वेळी तुझे अडलेले दोन-तीन रुग्ण त्यांच्याशी बोलून घे. प्रशिक्षण यालाच म्हणतात.

औषधाचाही प्रश्न येईल. २०१७ चा कायदा म्हणतो की, मानसिक आरोग्यसेवा प्राथमिक पातळीपासून सगळ्या आरोग्यसेवेत मिसळलेली असावी. पण मोफत औषधाची सक्ती त्याने सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून, वर घातली आहे. तुझं केंद्र त्या रेषेच्या खाली येतं. माझ्या मते ही त्या चांगल्या कायद्यातली मोठी उणीव आहे. तरी मागणीपत्रात फ्लुओक्झेटिन किंवा एस्सिटालोप्रॅम लिहीत जा, दर वेळी लिहीत जा, आणि किती रुग्णांसाठी हवं तो आकडा सोबत जोड. आकडा नसला की मागणी बाजूला पडते. गोळी संपली आणि 'पुढच्या आठवड्यात या' म्हणावं लागलं, तर तो रुग्ण बहुधा परत येत नाही.

आणि एक वही ठेव. साधी, दोनशे पानी. नाव, पुढची तारीख, आला की नाही. सोमवारी सकाळी न आलेल्यांना सिस्टरने फोन करायचा. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला सर्वांत जास्त फळ कशाने दिलं असेल, तर त्या वहीने.

प्रश्न : मुलीला गोळ्या सुरू आहेत. पुढे लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी हे कुठे नोंदलेलं सापडेल का? — एक आई, छत्रपती संभाजीनगर

डॉक्टरांनी तिची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. माहिती बाहेर पडते ती बहुतेक वेळा दवाखान्याच्या व्हरांड्यातून. म्हणूनच माझा आग्रह असतो की, मनाच्या रुग्णाची रांग वेगळी नको, दारावर 'मानसोपचार' अशी पाटी नको. सगळ्यांच्या रांगेत, सगळ्यांसारखा केसपेपर. कोण कशाला आलंय, ते कुणाला कळायचं कारण नाही. लग्नाच्या वेळी काय सांगायचं, ते तिला ठरवू द्या, आणि ते बरं वाटल्यावर. आज तिला गोळी आणि झोप हवी आहे.

प्रश्न : आम्ही ऊसतोड कामगार. बाळंतपणानंतर बायकोचं मन थाऱ्यावर नव्हतं, बाळाला जवळ घेत नव्हती. आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या, आता बरी आहे, बाळाला घेते. दसऱ्यानंतर आमची टोळी कोल्हापूरकडे जाईल, पाच-सहा महिने. तिकडे गोळ्या कुठे मिळणार? आता बंद केल्या तर चालतील का? — बीड जिल्हा (पत्र शाळेतल्या गुरुजींनी लिहून दिलं)

दादा, बंद करू नका. बाळाला घ्यायला लागली आहे, हे गोळीने आणि तुम्ही वेळेत नेल्याने झालंय. आत्ता सोडली तर फडावर, कोपीत, रात्रीची गाडी भरायची असताना तिला पुन्हा तसंच व्हायला लागेल आणि तिथे तुम्हाला कोण ओळखणार?

निघायच्या आठवडाभर आधी दोघं आरोग्य केंद्रात जा. उचल घेतली आहे, अमुक तारखेला निघणार आहोत, असं स्पष्ट सांगा आणि एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या मागा. डॉक्टरांकडून एका जाड कागदावर गोळीचं पूर्ण नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कधीपासून सुरू आहे आणि ती बाळाला अंगावर पाजते, हे मोठ्या अक्षरात लिहून घ्या. नुसती रिकामी पट्टी दाखवून चालत नाही, पट्ट्या बदलतात. त्या कागदाला प्लास्टिक लावून घ्या. पावसाने, घामाने कागद महिन्यात विरतो. सिस्टरचा फोन नंबर त्याच कागदावर मागच्या बाजूला.

फडावर पोहोचल्यावर पहिल्याच सुट्टीला कारखान्याच्या जवळचं आरोग्य केंद्र शोधून ठेवा. गोळ्या संपायची वाट बघू नका. पंधरा गोळ्या उरल्या की जा. तो कागद दाखवा. 'आमच्याकडे हे औषध नसतं' म्हणाले तर ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता विचारा. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा दुसऱ्या जिल्ह्यातही तेवढाच हक्क आहे. गोळ्या कोपीत उंच टांगलेल्या डब्यात ठेवा. पोरांच्या हाती लागता कामा नयेत.

दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. तिला सलग झोप मिळाली पाहिजे. रात्रीची गाडी भरायला शक्य तितक्या वेळा तुम्ही जा, तिला नेऊ नका. मुकादमाला सांगायचं तर 'ओली बाळंतीण आहे' एवढं सांगणं पुरे. आणि टोळीतल्या एका जाणत्या बाईला खरं सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही फडात असताना कोपीकडे कुणाचं तरी लक्ष राहील. तिने पुन्हा बाळाला दूर सारलं, रात्र-रात्र जागली, बाळाबद्दल काही भलतंसलतं बोलली, तर तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना.

उन्हाळ्यात परत याल तेव्हा तिला आणि बाळाला घेऊन आपल्या केंद्रात जा. खिडकीवर नवा केसपेपर काढू नका, जुनाच पिशवीतून न्या.